का, कामून, काऊन

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आम्ही दोघेही गेली अनेक वर्षे पदवीच्या वर्गाला शिकवत आलो आहोत. १८५७ च्या धामधुमीत सापडलेले वरसईचे विष्णुभट गोडसे, त्यांच्या हस्तलिखिताला १९०७ मध्ये लाभलेले मुद्रित रूप, पुढे विसाव्या शतकातले परदेशप्रवास, हिमालयाच्या आणि नर्मदेच्या वाटा, असा तो नेहमीचा क्रम. हे सारे शिकवताना एक गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. आमच्या वाचनातला प्रवासी बहुतेक वेळा सडाफटिंग असतो, निदान त्या प्रवासापुरता तरी. त्याला चोर भेटतात, साधू भेटतात, पूर आलेल्या नद्या भेटतात. पण मागच्या आसनावरून दर दहा मिनिटांनी 'अजून किती?' असे विचारणारे चार वर्षांचे मूल त्याच्याबरोबर नसते. मुले बरोबर असली की माणूस प्रवास करत नाही, नुसती ने-आण करतो, असा काहीसा समज त्यामागे असावा. आमचाही तसाच होता. तो कसा बदलला, आणि बदलला तेव्हा काय गमावून बसलो होतो, याविषयी थोडे लिहावे असे बरेच दिवस मनात आहे.

आमच्यापैकी एक पुण्याची आणि एक वऱ्हाडातला. २०१३ ते २०१९ या सात वर्षांत, उन्हाळ्यात एकदा आणि दिवाळीत एकदा, आम्ही पुण्याहून मोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावी मोटारीने जात असू. थोरली २०११ ची, धाकटा २०१४ चा. सुटीतले रेल्वेचे आरक्षण कधी मिळाले नाही, आणि मिळाले असते तरी स्टेशनापासून पुढचा पल्ला होताच. तेव्हा जुनी चारचाकी, छपरावर ताडपत्री बांधलेले सामान, आणि पहाटे चारला निघून संध्याकाळी सहा-सातला पोहोचणे, हा शिरस्ता पडला. शिक्रापूर, शिरूर, सुपे, अहमदनगर. मग इमामपूरचा घाट, घोडेगाव, नेवासा फाटा, गोदा-प्रवरेचा संगम, औरंगाबाद. पुढे जालना, सिंदखेडराजा, मेहकर, मालेगाव, शेलूबाजार, कारंजा, अमरावती आणि मग संत्र्याच्या बागांतून आमचे गाव. सहाशेच्या वर किलोमीटर. या यादीतल्या दोन शहरांची नावे आता बदलली आहेत. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये. आमच्या मुलांच्या तोंडी मात्र ती यादी ज्या नावांनी बसली, त्याच नावांनी ती येथे दिली आहे.

या प्रवासातला पहिला धडा भाषेचा होता आणि तो उलटीने शिकवला. मराठीत 'गाडी लागते'. ऊन लागते, तहान लागते, दृष्ट लागते, नाद लागतो, तशी गाडीही लागते. या 'लागणे'मध्ये माणसाकडे काही कर्तेपण नाही. बाहेरचे काहीतरी येऊन त्याला चिकटते. शरीरशास्त्र जे सांगते ते याहून फार वेगळे नाही. आतल्या कानातले संतुलनाचे इंद्रिय सांगते, आपण हलतो आहोत. मांडीवरच्या चित्रांच्या पुस्तकावर खिळलेले डोळे सांगतात, सारे स्थिर आहे. या दोन साक्षींचा मेळ बसत नाही आणि त्याचा निकाल पोटात लागतो. दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वांत अधिक. आम्ही, पुस्तकांवर पोट असलेली माणसे, हौसेने मुलांच्या हाती पुस्तके देत होतो आणि शिरूर यायच्या आत पिशव्या शोधत होतो. आलेपाक झाला, आवळा सुपारी झाली, लिंबू हुंगवून झाले. शेवटी एका ढाबेवाल्याने थोरलीला सांगितले, 'खाली नको पाहू, लांबचे झाड पाहा.' तो उपाय लागू पडला. पुस्तके सामानात गेली आणि मुले खिडकीबाहेर पाहू लागली.

पाहू लागली, आणि वाचूही लागली. धाकट्याला अक्षरओळख शाळेत झाली, वाचन मात्र या रस्त्याने शिकवले. 'वाकडे वळण', 'पुढे शाळा आहे', 'घाट सुरू' आणि बऱ्याच वेळाने 'घाट समाप्त'. ट्रकांच्या पाठी हा त्याचा दुसरा धडा होता. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला राज्य सरकारने २०१५ मध्ये बंदी घातली असली तरी जुने रंग लवकर उतरत नाहीत. तिसरा धडा वाहनांच्या क्रमांकांचा. एमएच बारा पुण्याचे, सोळा नगरचे, वीस औरंगाबादचे, एकवीस जालन्याचे, अठ्ठावीस बुलढाण्याचे, सदतीस वाशिमचे, सत्तावीस अमरावतीचे. बारा क्रमांकाच्या गाड्या विरळ होत जायच्या आणि एखादी सत्तावीस समोरून गेली की मागे टाळ्या पडायच्या. 'अजून किती?' या प्रश्नाला किलोमीटरांत दिलेले उत्तर मुलांना कळत नसे. 'अठ्ठावीस सुरू झाले' हे उत्तर कळे.

पण मुलांचे खरे मोजमाप वेगळेच होते. जेथे काही घडले, ते ठिकाण. जेथे काही घडले नाही, ते ठिकाण त्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. रांजणगावचा महागणपती त्यांच्या आठवणीत नाही, मात्र त्यापुढचा 'चप्पल पडली तो पूल' आहे. सिंदखेडराजा जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून आम्ही भक्तिभावाने दाखवले. त्यांच्या हिशेबी ते 'शेळीने भाकरी पळवली ते गाव' राहिले. नेवाशापाशी ज्ञानेश्वरीची गोष्ट आम्ही दर वेळी सांगत असू, आणि दर वेळी धाकटा मध्येच विचारी, 'आपले चाक पंक्चर झाले ते इथेच ना?' मेहकरला बसस्थानकाजवळ एका टपरीवर चहा व्हायचा. तेथल्या म्हाताऱ्या चहावाल्याने थोरलीला एकदा बशीत चहा ओतून दिला होता, घरी तिला चहा मिळत नसे. त्या दिवसापासून मेहकर हे या रस्त्यावरचे सर्वांत मोठे शहर झाले.

एका वर्षी परीक्षांच्या धावपळीत आम्ही 'स्थानपोथी' पुन्हा वाचत होतो, आणि त्याच आठवड्यात गावी निघालो. महानुभावांच्या या ग्रंथाविषयी या लेखाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. चक्रधरस्वामी जेथे जेथे गेले, राहिले, बसले, जेवले, त्या जागांची ती नोंद आहे. कोणत्या गावात कोणते देऊळ, त्याचे तोंड कोणत्या दिशेला, ओटा कोठे, आणि तेथे कोणती लीळा घडली. 'लीळाचरित्र' घटनांच्या बाजूने सांगते तेच ही पोथी जागांच्या बाजूने सांगते. विद्यार्थ्यांना ती कंटाळवाणी वाटते. खरे सांगायचे तर आम्हांलाही वाटत असे. कोणी कधी काळी कोठे बसले होते, याची यादी कोणी का करावी, आणि कोणी का वाचावी?

त्या दिवशी जालना सोडल्यावर थोरली धाकट्याला रस्ता समजावून सांगत होती. 'पुढे मोठे झाड येईल. त्या झाडाखाली बाबा आईवर रागावले होते. मग डावीकडे विहीर. तिथे तू शू केलीस.' आम्ही पुढे बसून एकमेकांकडे पाहिले. झाड, दिशा, कृत्य. हीच ती नोंदीची रीत. वर्गात ज्या ग्रंथाला आम्ही 'स्थलवर्णनात्मक' असे विशेषण लावून पुढे सरकत होतो, त्यामागची निकड आम्हांला एका सात वर्षांच्या मुलीने दाखवली. ज्याच्यावर आपले प्रेम असते त्याचे काही ना काही जेथे घडले, ती जागा नुसती जागा राहत नाही. योगायोगाने हा आमचा मुलूख त्या पोथीचाच आहे. पैठण आमच्या रस्त्यापासून दूर नाही, मेहकर रस्त्यावर आहे, लोणार त्याच्या बाजूला आहे, आणि गोविंदप्रभूंचे रिद्धपूर तर आमच्या गावाच्या शेजारचे. तेथे आता मराठी भाषा विद्यापीठही आले आहे. पुढे आमच्या गाडीत पोथीचे शब्द खेळासारखे रुळले. जेवायला थांबणे म्हणजे 'आरोगणा', झोपणे म्हणजे 'पहुड', निघणे म्हणजे 'बीजे करणे'. धाकटा ढाब्यावर मोठ्याने 'आरोगणा!' असे ओरडे आणि वाढपी चमकून पाही.

याच रस्त्यावर मुलांनी आणखी एक शोध लावला, ज्याचे श्रेय आम्ही कोणत्याही चर्चासत्रात निःसंकोचपणे त्यांना देऊ. लहान मुलांचा सर्वांत वापरातला शब्द 'का'. पुण्यात तो 'का' असतो. जालना ओलांडून बुलढाण्याकडे आले की माणसे 'कामून' म्हणतात. आणि कारंजा जवळ आले की त्याचे 'काऊन' होते. बोलींच्या सीमारेषांविषयी आम्ही जे नकाशे काढून शिकवतो, ते मुलांना चहाच्या टपऱ्यांवर फुकट ऐकू आले. थोरलीने तर नियमच केला होता: मेहकरपर्यंत 'का' म्हणायचे, मेहकरला चहा झाला की 'कामून' आणि कारंज्यानंतर 'काऊन'. गाडीतला हा बदल ऐकून आमच्यातल्या वऱ्हाडी माणसाला जे वाटे, ते शब्दांत सांगणे कठीण आहे. पुण्याच्या इंग्रजी शाळेत जाणारी त्याची मुले सहाशे किलोमीटरांच्या शेवटी त्याच्या बापाच्या भाषेत 'काऊन' विचारत उतरत होती.

हे सारे गोड गोड वाटण्याचा संभव आहे, म्हणून एक कबुली येथेच द्यायला हवी. पहिली तीन वर्षे आम्ही मुलांना मांडीवर घेऊन प्रवास केला. थोरली पुढच्या आसनावर, आईच्या कुशीत. मुलांसाठीच्या आसनाचे कोणी सुचवले तर आम्ही हसत असू. आईच्या मांडीपेक्षा सुरक्षित जागा कोणती? आमच्या साऱ्या काव्यपरंपरेने कुशीला जे स्थान दिले आहे, त्यावर आमचा विश्वास होता. २०१६ च्या दिवाळीत, मालेगावच्या अलीकडे, अंधार पडल्यावर, मागे दिवा नसलेली कापसाची ट्रॉली समोर आली. ब्रेक दाबला. गाडी थांबली, मूल थांबले नाही. थोरलीचे कपाळ समोरच्या फळीवर आदळले. रक्त, एका लहान दवाखान्यात तीन टाके, आणि तिचे न रडणे. तिचे ते न रडणे आम्ही आजही विसरलेलो नाही.

नंतर आमच्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी कागदावर हिशेब करून दाखवला. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेसतरा मीटर. या वेगाने काही आदळणे म्हणजे चौदा मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ चौथ्या मजल्यावरून पडणे. त्या वेळी बारा किलोचे मूल हातांनी धरून ठेवणे कोणत्याही आईला शक्य नाही, माया कितीही असो. रूपक आणि वस्तुस्थिती यांतला फरक आम्ही वर्गात तासन्‌तास समजावून सांगतो. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत मात्र रूपकालाच वस्तुस्थिती समजून बसलो होतो. पुढच्या महिन्यात दोन आसने घेतली. मोटार वाहन कायद्यातली दुरुस्ती त्यानंतर आली. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना वा बालआसनाविना नेल्यास हजार रुपये दंड, ही तरतूद १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. थोरलीच्या कपाळावरचा व्रण मात्र कायद्याच्या तीन वर्षे आधीचा आहे. मुलांच्या यादीत त्या जागेचे नाव 'टाक्यांचे गाव' असे पडले. तेथून जाताना दोघेही गप्प होत आणि स्वतःचा पट्टा एकदा ओढून पाहत.

या प्रवासातले पाचवे माणूस गाडीत नसे. आमचे वडील, मुलांचे आबाजी, प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, गावी फोनजवळ बसून असत. पहाटेपासून त्यांचा फोन सुरू होई. 'कुठवर आले रे?' नगर म्हटले की ते म्हणत, 'म्हणजे अजून औरंगाबाद शंभरावर आहे.' त्यांना साऱ्या गावांमधली अंतरे पाठ होती, कारण तरुणपणी एसटीने त्यांनी हाच रस्ता तुडवला होता. मेहकरचा फोन ठरलेला. 'मेहकरले च्या घेतला का?' घेतला म्हटले की त्यांना बरे वाटे. त्यांच्या मते मेहकरला चहा न घेता पुढे आलेल्या माणसाचा प्रवास पुरता झालेला नसे. कारंजा गेले की ते फोन ठेवत आणि फाटकाशी येऊन उभे राहत.

२०२० मध्ये टाळेबंदीने दोन्ही फेऱ्या चुकल्या. २०२१ च्या दिवाळीला गेलो, तेव्हा आबाजी फाटकाशी नव्हते. आत खाटेवर बसून होते आणि नातवाला त्यांनी स्वतःच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारली. डॉक्टरांनी जे सांगितले ते अनेक घरांत सांगितले जाते. आधी अलीकडचे जाते, मग त्यामागचे, आणि फार जुने सर्वांत शेवटी. पुढच्या दोन वर्षांत नावे गेली, नाती गेली. फोन त्यांना धरता येईना. त्या काळात आमच्या गाडीतली शांतता आम्हांला जाणवू लागली. 'कुठवर आले रे?' असे विचारणारे कोणी नसले, की माणूस कोठेच येत नाही. नुसता जात राहतो.

याच सुमारास रस्ताही बदलला. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. उरलेले टप्पे पूर्ण होऊन ७०१ किलोमीटरांचा सबंध मार्ग जून २०२५ मध्ये सुरू झाला. औरंगाबादेहून त्यावर चढायचे आणि कारंज्याला उतरायचे, की मधले जालना, सिंदखेडराजा, मेहकर, मालेगाव हे सारे फलकांवरच्या नावांपुरते उरते. आमच्या प्रवासातले तीन-चार तास वाचले. मुले तोवर मोठी झाली होती. एक मोबाइलमध्ये, एक झोपेत. त्या रस्त्यावर काही घडत नाही. काही घडू नये यासाठीच तो बांधला आहे, आणि घडलेच तर ते भयंकर असते. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ एका खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि पंचवीस प्रवासी गेले. त्या बातमीनंतर आम्ही काही महिने जुन्याच रस्त्याने गेलो. जुना रस्ता सुरक्षित होता असे मात्र म्हणवत नाही. 'टाक्यांचे गाव' त्याच रस्त्यावर आहे.

जानेवारी २०२४ मध्ये एका रात्री आठ वाजता गावाहून फोन आला. आबाजींनी दोन दिवसांपासून अन्न सोडले होते. नऊला निघालो. नगर, नेवासा फाटा, सारे अंधारात मागे गेले. औरंगाबादेहून समृद्धीवर चढलो तेव्हा दोन वाजून गेले होते. सरळ रस्ता, काटा शंभरावर, दोन्ही बाजूंना काळोख. वळण नाही, गाव नाही, दिवा नाही. त्या सरळपणात एक गुंगी असते. मध्ये केव्हातरी चालवणाऱ्याचा डोळा लागला. क्षणभरच, पण गाडी पट्टा ओलांडून डावीकडे सरकली. मागून थोरलीने हाक मारली, 'बाबा, हे मेहकर का?' ती जागी होती. बाहेर काही दिसत नव्हते, केवळ एक हिरवा फलक येऊन गेला. त्यानंतर कारंजा येईपर्यंत ती बोलत राहिली. काय बोलत होती ते आता आठवत नाही; बहुधा तीच जुनी यादी. पुढच्या विसाव्याच्या जागी थांबून आम्ही आसने बदलली. नंतर बराच वेळ दोघांपैकी कोणी काही बोलले नाही.

सहा वाजता घरी पोहोचलो. जुन्या रस्त्याने निघालो असतो तर दुपारचे दहा-अकरा झाले असते. हे मुद्दाम लिहितो आहोत, कारण नव्या रस्त्याविषयी हळवेपणाने तक्रार करणे आमच्यासारख्यांना फार सोपे असते. आबाजी त्या सकाळी तासभर शुद्धीवर होते, आणि तो तास त्या रस्त्याने आम्हांला दिला.

ते भिंतीला टेकून बसले होते. आम्हां दोघांकडे त्यांनी परक्याकडे पाहावे तसे, पण सौजन्याने पाहिले. मग थोरली जवळ जाऊन बसली. तिचे नाव त्यांना आले नाही. त्यांनी विचारले, 'कुठून आली माय?' ती म्हणाली, 'पुण्याहून, आबाजी.' ते थांबले आणि म्हणाले, 'कसे कसे आले?'

आम्हांला वाटले, ती आता महामार्गाचे सांगेल. तिने सुरुवात केली शिक्रापूरपासून. शिरूर, सुपे, नगर. इमामपूरचा घाट. घोडेगाव. नेवासा फाटा. आबाजींचे ओठ हलू लागले. औरंगाबाद तिच्याआधी त्यांनी म्हटले. जालना दोघांनी बरोबर म्हटले. सिंदखेडराजा. मग ते थांबले, तिच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, 'मेहकरले च्या घेतला का?'

आम्ही त्या रात्री मेहकरला गेलोच नव्हतो. 'घेतला,' ती म्हणाली. 'बशीतून घेतला.'

'मंग बरं,' आबाजी म्हणाले. पुढची गावे त्यांनी विचारली नाहीत. चौथ्या दिवशी ते गेले.

त्या उत्तराविषयी आम्ही नंतर पुष्कळ बोललो. मुलीने मरणोन्मुख माणसाशी खोटे बोलावे काय, असा प्रश्न आमच्यातल्या एकाने तरी मनात विचारलाच. पण शिक्षकी सवयीने पुन्हा पोथीकडे वळलो, तेव्हा दिसले ते असे. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभट 'लीळा' गोळा करायला निघाले, ते ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन विचारत. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली १९७८ ची जाडजूड प्रत आम्ही आजवर 'गद्याचा आद्य नमुना' म्हणून चाळत आलो. तिच्यामागे एक साधी भीती आहे: पाहणारे जातील, आणि मग या जागा नुसत्या जागा होतील. थोरलीने सांगितलेला रस्ता त्या रात्रीचा नव्हता, परंतु तो खराच होता. सात वर्षांत चौदा वेळा ती त्याने गेली होती, आणि आबाजी फोनवरून तितक्याच वेळा. त्यांना कोठून आलात हे जाणून घ्यायचे नव्हते. त्यांच्या ओळखीच्या रस्त्याने कोणीतरी त्यांच्यापर्यंत येते आहे, एवढेच त्यांना ऐकायचे असावे. हा आमचा अर्थ. मुलीला विचारले तेव्हा ती म्हणाली, 'त्यांना तेवढेच येत होते, म्हणून मी तेवढेच सांगितले.'

तेरावा झाल्यावर पुण्याला परतायला निघालो. घाई नव्हती. कारंज्याच्या अलीकडे महामार्गाचा फाटा आला तेव्हा चालवणाऱ्याने न विचारता गाडी सरळ जुन्या रस्त्यावर ठेवली. नऊ वर्षांचा धाकटा त्या रात्रीचा सारा प्रवास झोपेत पार करून आला होता. त्याने मान वर करून विचारले, 'आपण इकडून काऊन चाललो?'

थोरली खिडकीबाहेर पाहत होती. लांबचे झाड पाहावे, तशी.

'मेहकरचा चहा राहिला आहे,' ती म्हणाली.